आधीं कोणीं सोडावें?

इंग्रजी भाषेंत अडथळ्याला शब्द कमी नाहींत. परकी भाषा आयुष्यभर शिकविणें हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना शब्दांच्या कुळकथा शोधण्याचा नाद लागतोच. आम्हांलाहि तो तीस वर्षांपूर्वीं लागला आणि अद्याप सुटलेला नाहीं. 'ऑब्स्टॅकल' ह्या शब्दाच्या पोटांत 'समोर उभें राहणें' ह्या अर्थाचा लॅटिन धातु आहे. 'ऑब्स्ट्रक्शन' ह्या शब्दांत वाटेवर कांहींतरी रचून ठेवण्याची कल्पना आहे. 'इंपेडिमेंट' म्हणजे तर सरळ पायांत अडकविलेली बेडी. रोमन लोक सैन्याबरोबर चालणाऱ्या सामानसुमानाला ह्याच शब्दाचें अनेकवचन लावीत. लढावयास निघालेल्या माणसाचें स्वतःचें ओझें हीच त्याच्या पायांतली बेडी, हें त्या व्यवहारी लोकांनीं बरोबर ओळखलें होतें. पलीकडे तोंड नसलेल्या बोळाला फ्रेंच भाषेंत जो जुना शब्द होता तो व्हॉल्टेअरला ग्राम्य वाटे. त्याच्या जागीं त्यानें 'इंपास' हा शब्द पुढें केला, आणि तोहि पुढें इंग्रजींत येऊन स्थायिक झाला.

ह्या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. अडणारा एक आणि अडविणारें दुसरें, असे दोन पक्ष त्यांत स्पष्ट दिसतात. वाटेंत धोंडा आहे. तो आपण ठेवलेला नाहीं. तो दूर केला कीं वाट मोकळी. अशा अडथळ्याचा नीतिशास्त्राशीं फारसा संबंध येत नाहीं. अंगांत बळ आणि हातांत पहार असली म्हणजे काम भागतें. परंतु ज्या अडथळ्यांत धोंडा कोठेंच दिसत नाहीं, वाट मोकळी आहे, चालणाऱ्यांचे पाय शाबूत आहेत, आणि तरीहि कोणी एक पाऊल पुढें टाकूं शकत नाहीं, त्याचें काय? त्यासाठीं इंग्रजींत एक निराळाच शब्द आहे; तो म्हणजे 'डेडलॉक'. वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या तो ओळखीचा आहे. वाटाघाटी अडल्या, संप चिघळला, दोन राष्ट्रांचें बोलणें थांबलें कीं हा शब्द हटकून येतो. त्याचा जन्म कोठें झाला हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें; आणि तो जन्म पाहिल्याखेरीज त्याच्या पोटांत दडलेला नैतिक प्रश्न नीट दिसत नाहीं, असें आम्हांस वाटतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाचे अवयव पाहूं. 'डेड' म्हणजे मेलेला; पण इंग्रजींत तो 'पुरता, निखालस' ह्या अर्थानेंहि येतो. गाडी जागच्या जागीं थांबली कीं तो 'डेड स्टॉप'. शर्यतींत दोन घोडे अगदीं बरोबरीनें आले कीं ती 'डेड हीट'. तेथें कोणी मेलेलें नसतें. 'लॉक' हा शब्द फार जुना. कुलूप, अडसर, बंदिस्त जागा हे त्याचे अर्थ. मल्लानें प्रतिस्पर्ध्याच्या हातापायांस घातलेल्या पकडीलाहि तोच शब्द आहे. जर्मन भाषेंतील 'लोख' हा ह्याचा सख्खा भाऊ, पण त्याचा अर्थ आहे भोंक! जी जागा एका भावानें बंद केली, तिच्यांतली पोकळीच तेवढी दुसऱ्याच्या लक्षांत राहिली. कुलपें करणाऱ्यांच्या धंद्यांतहि 'डेडलॉक' नांवाचें एक कुलूप आहे. त्याला स्प्रिंग नसते. दार नुसतें लोटल्यानें तें लागत नाहीं आणि दांडा दाबल्यानें मागें सरत नाहीं. प्रत्येक वेळीं किल्लीच फिरवावी लागते. परंतु ज्या अर्थानें आज आपण हा शब्द वापरतों तो अर्थ छापील वाङ्मयांत प्रथम भेटतो तो कुलुपांच्या संबंधांत नव्हे, तर एका विनोदी नाटकांत.

तें नाटक म्हणजे रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन ह्याचें 'द क्रिटिक'. १७७९ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या ड्रूरी लेन नाटकगृहांत त्याचा पहिला प्रयोग झाला. त्या नाटकगृहाची व्यवस्थाहि तेव्हां शेरिडनच्याच हातीं होती. ह्या नाटकांत आणखी एक नाटक आहे. पफ नांवाचा बढाईखोर ग्रंथकार 'स्पॅनिश आर्माडा' ह्या आपल्या शोकान्त नाटकाची तालीम दोघां परिचितांना दाखवीत बसला आहे. रंगभूमीवर एक स्पॅनिश कैदी उभा आहे. दोन तरुणींचें त्याच्यावर मन बसलें आहे आणि त्याचें मन तिसरीवर बसलें आहे. तेव्हां मत्सरानें पेटून त्या दोघी आपापले खंजीर त्याच्यावर उगारतात. त्याच क्षणीं त्यांचे दोन काका पुढें होऊन एका हातानें पुतण्यांचे हात धरतात आणि दुसऱ्या हातांतील तरवारींचीं टोकें त्या स्पॅनियार्डाकडे वळवितात. तोहि कच्चा नव्हे. तो कमरेचे दोन खंजीर उपसून दोघी तरुणींच्या छातीला लावतो. झालें! माणसें पांच, शस्त्रें सहा, आणि हालचाल शून्य. मुलींना वार करतां येत नाहीं, कारण काकांनीं हात धरले आहेत. काकांना वार करतां येत नाहीं, कारण पुतण्यांचे प्राण खंजिरांच्या टोकावर आहेत. कैद्याला वार करतां येत नाहीं, कारण तरवारी त्याच्यावर रोखलेल्या आहेत. पफ मोठ्या अभिमानानें सांगतो कीं, ह्या सगळ्यांना आपण 'डेडलॉक'मध्यें पकडलें आहे. कारण काय, तर आधीं सोडावयास प्रत्येकजण भितो.

हसूं येण्यासारखाच हा प्रसंग आहे, आणि शेरिडननें तो हसण्यासाठींच रचला आहे. परंतु पफच्या तोंडून निघालेलें तें कारण हसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. आमच्या मतें पुढील अडीचशें वर्षांत राजकारणावर आणि व्यवहारशास्त्रावर जे जाडे ग्रंथ झाले, त्यांतील पुष्कळांचें सार त्या एका कारणांत आलें आहे. येथें कोणी मूर्ख नाहीं. प्रत्येकाची भीति रास्त आहे. त्या पांचांपैकीं कोणालाहि बाजूला घेऊन 'तूं शस्त्र कां खालीं ठेवीत नाहींस?' असें विचारलें, तर त्याचें उत्तर बिनतोड असेल. तरीहि ह्या पांच बिनतोड उत्तरांची बेरीज म्हणजे निव्वळ वेडेपणा! अडथळा बाहेरून आलेला नाहीं. तो त्यांच्याच शहाणपणाचा बनलेला आहे. ही कोंडी दुबळेपणानें झालेली नसून सगळ्यांचें बळ एकमेकांत गुंतल्यामुळें झालेली आहे. म्हणूनच येथें पहारेचा कांहीं उपयोग नाहीं.

तत्त्वज्ञांनीं ही गोष्ट पाहिली नव्हती असें नाहीं. डेव्हिड ह्यूम ह्यानें मानवी स्वभावावरील आपल्या प्रबंधाच्या १७४० सालीं निघालेल्या खंडांत दोन शेजारी शेतकऱ्यांचें उदाहरण दिलें आहे. एकाचें पीक आज कापणीस आलें आहे, दुसऱ्याचें उद्यां येणार आहे. आज दुसऱ्यानें पहिल्यास मदत करावी आणि उद्यां पहिल्यानें ती फेडावी, ह्यांत दोघांचाहि लाभ उघड आहे. पण आज राबल्यावर उद्यां तो येईल कशावरून? ही शंका आली कीं दोघेहि आपापल्या बांधावर बसून राहतात आणि दोघांचीहि सुगी वाया जाते. ह्यूमच्या आधीं सुमारें नव्वद वर्षें, १६५१ सालीं, हॉब्जनें 'लेव्हायथन' ह्या ग्रंथांत हीच अडचण अधिक कठोर शब्दांत मांडली. करारांतील आपला भाग जो आधीं पुरा करतो तो स्वतःस प्रतिपक्षाच्या हातीं देतो. दुसरा आपला भाग पुरा करील ह्याची त्याला कांहींच हमी नसते. म्हणून हॉब्जचा उपाय असा कीं, सर्वांवर एक सत्ता असावी आणि तिच्या धाकानें सर्वांनीं एकदम शस्त्र खालीं ठेवावें.

शेरिडनचा पफहि नेमका हाच उपाय करतो. 'मग हीं माणसें कायमचीं अशींच उभीं राहणार!' असें एक प्रेक्षक म्हणतो, तेव्हां पफनें आधींच योजून ठेवलेला राजवाड्याचा एक पहारेकरी रंगभूमीवर येतो आणि राणीच्या नांवानें सर्वांस शस्त्रें टाकावयास फर्मावितो. सहाहि शस्त्रें धाडकन् खालीं पडतात. हॉब्जनें मोठा ग्रंथ लिहून जें सांगितलें तें पफनें एका पहारेकऱ्याकडून करून घेतलें. पण शेरिडनची खोंच पुढेंच आहे. काका पुतण्यांना घेऊन निघून जातात न जातात तोंच हा पहारेकरी आपला अंगरखा फेकून देतो. तो पहारेकरी नसतोच. त्या कैद्याचा तो जुना वैरी आणि प्रेमांतला प्रतिस्पर्धी असतो. दोघांची लढाई जुंपते आणि नुकतेंच शस्त्र टाकलेला कैदी ठार होतो. कोंडी फोडावयास बोलाविलेल्या तिऱ्हाइताच्या अंगरख्याखालीं त्याची स्वतःची तरवार असूं शकते, हा धडा घरोघरच्या वाटण्यांपासून राष्ट्राराष्ट्रांच्या तंट्यांपर्यंत सर्वत्र लागू आहे.

तिऱ्हाईत नको म्हटलें तर दुसरा मार्ग उरतो, तो म्हणजे अडलेल्यांनाच कोंडून ठेवण्याचा. नोव्हेंबर १२६८ मध्यें पोप चौथा क्लेमंट इटलींतील व्हितेर्बो गांवीं मरण पावला. त्याचा वारस निवडण्यास जमलेल्या कार्डिनलांचें एकमत होईना. महिने गेले, वर्षें गेलीं. शेवटीं गांवच्या लोकांनीं त्यांना वाड्यांत कोंडलें, त्यांचें अन्न तोडलें आणि वाड्याचें छप्परहि काढलें, असें सांगतात. तेव्हां त्या मंडळींनीं आपल्यांतील सहाजणांवर निर्णय सोंपविला, आणि १ सप्टेंबर १२७१ रोजीं, म्हणजे दोन वर्षें नऊ महिन्यांनीं, निवड झाली ती अशा माणसाची, जो कार्डिनल नव्हता आणि त्या वेळीं इटलींतहि नव्हता! ह्या दहाव्या ग्रेगरीनें १२७४ सालीं नियमच घालून दिला: निवडणाऱ्यांना एकत्र कोंडावें, तीन दिवसांत निकाल न लागल्यास जेवणांत एकच पदार्थ द्यावा, आणखी पांच दिवस गेल्यास पाव, पाणी आणि मद्य ह्यांवरच ठेवावें. त्या सभेला आज 'कॉन्क्लेव्ह' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थहि 'किल्लीनें बंद केलेली खोली' असाच आहे. कुलपावर कुलुपाचाच उतारा! उपाय नामी खरा. परंतु भुकेनें निर्णय होतो, विश्वास उत्पन्न होत नाहीं. शिवाय आपल्या नित्याच्या व्यवहारांत छप्पर काढावयास कोण येणार? आमच्या बाबतींत तें काम पावसानें केलें. ती हकीकत सांगण्यासारखी नाहीं, पण सांगितल्यावांचून पुढचा विचार मांडतां येत नाहीं.

कोंकणांत आमचें वडिलोपार्जित घर आहे. वडील वारल्यावर उत्तरेकडच्या खोल्या आमच्या वडील बंधूंकडे आणि दक्षिणेकडच्या आमच्याकडे अशी वाटणी झाली. मधलें माजघर मात्र वादांत राहिलें. दादा म्हणत, माजघर वडिलांनीं आपल्याला दिलें; आमचें म्हणणें तें समाईक. कोंकणांत दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं घर शाकारावें लागतें. फुटकीं कौलें काढून नवीं घालावीं लागतात, वासे पाहावे लागतात. त्या वर्षीं आम्हीं माजघराच्या निम्म्या खर्चाचे पैसे पाठविले. दादांनीं ते परत केले. घेतले असते तर आमचा हिस्सा कबूल केल्यासारखें झालें असतें. बरें, सगळा खर्च त्यांनीं एकट्यानें करावा, तर 'समाईक म्हणणारा तो, मग खर्च माझ्या एकट्याच्या माथीं कां?' हेंहि त्यांचें खरेंच. आम्हीं सगळा खर्च करावा, तर दादांच्या म्हणण्याप्रमाणें परक्याच्या घरावर आम्ही चढलों असें झालें असतें. दोघांनींहि आपापल्या बाजूचीं कौलें नीट बसविलीं. माजघरावर कोणीच चढलें नाहीं. पहिल्या पावसांत तें गळलें. दुसऱ्या पावसांत वासे कुजले आणि वाळवी चढली. तिसऱ्या वर्षीं श्रावणांत एके रात्रीं आढें खचलें आणि मधली भिंत घेऊन खालीं आलें. सुदैवानें आंत कोणी नव्हतें.

ह्यांत एक गोष्ट सांगावयाची राहिली. वडिलांनीं आम्हांस लिहिलेलें एक पत्र आमच्या पेटींत होतें. माजघर दादाकडे राहावें, कारण गांवीं राहून देवाधर्माचें तोच पाहतो, अशा अर्थाचा मजकूर त्यांत होता. तें पत्र म्हणजे कांहीं कायद्याचा दस्तऐवज नव्हे, असें आम्हीं तीन वर्षें स्वतःला समजाविलें. तर्कशास्त्र शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालणें फार सोपें जातें. पण त्या तीन वर्षांत आम्ही इतके हट्टाला कां पेटलों होतों, ह्याचें खरें कारण तें पत्र होतें. आम्ही आधीं सोडलें असतें तर सोडण्याबरोबर कबुलीहि द्यावी लागली असती.

त्याच वर्षीं मार्गशीर्षांत दादा न कळवितां आमच्या दारीं आले. हातांत फणसाच्या साटांचें पुडकें होतें. चहा झाल्यावर ते म्हणाले, "भिंत पडली. आतां माजघर तुझें म्हण, माझें म्हण. तूं म्हणशील तसें लिहून देतों. पण पुढच्या पावसाच्या आधीं ओटी आणि पडवी तेवढी वांचवूं या." आम्हांस कांहीं बोलवेना. आम्हीं उठून पेटी उघडली आणि तें पत्र त्यांच्या हातीं दिलें. त्यांनीं तें वाचलें, घडी घालून परत दिलें आणि म्हणाले, "मला ठाऊक होतें रे. अण्णांनीं मलाहि सांगितलें होतें." त्यानंतर आमच्यांत तो विषय पुन्हा निघाला नाहीं.

आधीं कोणीं सोडावें, ह्या प्रश्नाचें उत्तर लोकव्यवहार मोठ्या खात्रीनें देतो: ज्याची चूक असेल त्यानें. आम्हीहि वर्गांत पुष्कळ वर्षें असेंच म्हणत आलों. दादांच्या त्या भेटीनंतर मात्र हें उत्तर चुकीचें आहे अशी आमची खात्री होऊं लागली. चूक करणाऱ्यानें चूक सुधारावी, हें निर्विवाद; पण कोंडी फोडण्याचा नियम म्हणून तें निरुपयोगी आहे, आणि त्याचीं कारणें दोन आहेत.

पहिलें कारण असें कीं, ज्याची बाजू खोटी आहे त्याला आधीं सोडणें सर्वांत कठीण असतें. त्याच्याजवळ मुठींतल्या शस्त्राखेरीज दुसरा आधारच नसतो. तें सोडलें कीं हक्कहि गेला आणि अब्रूहि गेली. ज्याची बाजू खरी आहे त्याचें तसें नाहीं. खंजीर ठेवला म्हणून त्याचें सत्य खालीं पडत नाहीं. त्याला धोका आहे, नुकसान होण्याचा संभव आहे. पण सोडणें ही त्याच्या दृष्टीनें कबुली नव्हे. दादा सोडूं शकले, कारण ते खरे होते. आम्ही सोडूं शकलों नाहीं, कारण आम्ही खोटे होतों.

दुसरें कारण ह्याहून महत्त्वाचें आहे. कोंडींत सांपडलेल्या दोघांनाहि आपणच खरे असें वाटत असतें. अशा वेळीं 'चूक असेल त्यानें आधीं सोडावें' हा नियम दोघांच्याहि हातीं दिला, तर प्रत्येकजण बोट दुसऱ्याकडे करील आणि कोंडी अधिकच घट्ट होईल. आतां नियम उलटा करून पाहा: 'ज्याची बाजू खरी असेल त्यानें आधीं सोडावें.' हा नियम हातीं येतांच बोट आपल्याकडेच वळतें. आम्ही खरे असें जो म्हणेल, त्याच्या त्या म्हणण्यानेंच पहिलें पाऊल टाकण्याचें कर्तव्य त्याच्यावर येऊन पडतें. आणि तें कर्तव्य ज्याला नको असेल त्याला स्वतःच्या मनाशीं एक अवघड प्रश्न विचारावा लागेल: आपल्या पेटींत एखादें पत्र तर नाहीं ना?

ह्यावर सुज्ञ वाचक आक्षेप घेतील, आणि ते घेतलेच पाहिजेत. पांडवांची बाजू खरी होती. धर्मराजानें अर्धें राज्य सोडून पांच गांवांवर समाधान मानण्याची तयारी दाखविली. आणि दुर्योधनानें सुईच्या अग्रावर राहील इतकीहि भूमि देण्याचें नाकारलें. मग आधीं सोडून काय मिळालें? युद्ध तर टळलें नाहींच. हें खरें आहे. आधीं सोडल्यानें कोंडी सुटतेच असें आम्हीं म्हटलेलें नाहीं. पण पांच गांवांच्या त्या मागणीनंतर एक गोष्ट मात्र उरली नाहीं, ती म्हणजे संशय. त्यापूर्वीं तो दोन हट्टांचा झगडा म्हणतां आला असता. त्यानंतर तसें म्हणतां येत नाहीं. शिवाय धर्मराजानें हक्काचें प्रमाण सोडलें, हक्क सोडला नाहीं. खंजीर ठेवणें आणि मान पुढें करणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

दुसराहि आक्षेप आहे. जें आपलें नाहीं तें सोडण्याचें औदार्य कोणीं दाखवूं नये. पोरक्या पुतण्याच्या इस्टेटीचा पालक आपला चांगुलपणा दाखविण्यासाठीं त्याची जमीन सोडूं लागला, तर तो उदार नव्हे, विश्वासघातकी होय. तसेंच ज्याच्याजवळ एकच शस्त्र आहे त्याला 'तूं आधीं ठेव' असा उपदेश दहा शस्त्रें बाळगणाऱ्यानें करणें हा शुद्ध ढोंगीपणा आहे. उपाशी संपकऱ्यानें आधीं माघार घ्यावी, हें धनिकाच्या तोंडीं शोभत नाहीं. आमचा नियम दुसऱ्यास सांगण्यासाठीं नाहींच. तो स्वतःस लावण्यापुरताच आहे. ज्याला नुकसान सोसण्याची ऐपत अधिक, त्याच्यावर त्याचा भार अधिक.

मग खऱ्या बाजूचीं माणसेंसुद्धां आधीं कां सोडीत नाहींत? आमच्या मतें भीतीपेक्षांहि मोठी अशी एक अडचण आहे. ती म्हणजे लाज. १९६२ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत क्यूबामधील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया हीं राष्ट्रें अणुयुद्धाच्या कड्यावर उभीं राहिलीं. २६ ऑक्टोबरच्या पत्रांत ख्रुश्चॉव्हनें केनेडीला लिहिलें, त्याचा आशय असा: दोरीला युद्धाची गांठ बसली आहे, दोघेहि आपापलें टोंक जितकें ओढतील तितकी ती घट्ट बसेल, आणि मग ती बांधणाऱ्यालाहि सोडवितां येणार नाहीं. दोन दिवसांनीं रशियानें क्षेपणास्त्रें परत नेण्याचें जाहीर केलें. जगाला वाटलें, रशियानें आधीं सोडलें आणि अमेरिका जिंकली. प्रत्यक्षांत तुर्कस्तानांतील आपलीं क्षेपणास्त्रें काढून घेण्याचें वचन अमेरिकेनें गुप्तपणें दिलें होतें, आणि १९६३ सालीं तीं काढलींहि. पण ती गोष्ट पुढें कित्येक वर्षें उघड होऊं दिली नाहीं. दोन्ही दोर सैल झाले होते. एक उजेडांत, दुसरा अंधारांत. जगाचा संहार करण्याइतकें सामर्थ्य असलेल्या राष्ट्रालासुद्धां आपण सोडलें असें म्हणवून घेण्याची केवढी ही लाज!

येथें आपल्या मराठी भाषेकडे वळावेंसें वाटतें. 'डेडलॉक'ला आपण 'कोंडी' म्हणतों, 'पेंच' म्हणतों, 'तिढा' म्हणतों. कोंडी फुटते, ती फुटतांना धक्का बसतो, कांहींतरी मोडतें. पेंच सुटतो, तिढा सुटतो. दोरीला बसलेला पीळ उलटा फिरविला कीं दोरी होती तशी सरळ होते, आणि कोणाचेंच कांहीं मोडत नाहीं. मात्र त्यासाठीं दोहोंपैकीं एका टोंकाचा ताण आधीं सैल व्हावा लागतो. हा फरक इंग्रजी शब्दांत नाहीं. तेथें कुलूप आहे, म्हणून सगळे किल्लीची वाट पाहत बसतात; राणीचा पहारेकरी केव्हां येतो इकडे डोळे लावतात. आपल्या शब्दाला किल्ली नको आहे. ज्या हातानें टोंक धरलें आहे त्याच हातानें तें सैल करावयाचें आहे.

शेरिडनच्या नाटकांतले ते पांचजण पाहून प्रेक्षक हसले, कारण त्यांना सगळें चित्र बाहेरून दिसत होतें. आपल्या कोंडीचें चित्र आपल्याला बाहेरून दिसत नाहीं. आपल्याला फक्त समोरच्याच्या हातांतला खंजीर दिसतो. आम्हांलाहि तीन पावसाळे तेवढाच दिसला. ओटी आणि पडवी त्या उन्हाळ्यांत दोघांनीं मिळून वांचविली. माजघर मात्र पुन्हा उभें राहिलें नाहीं. दादा आतां हयात नाहींत. दरवर्षीं मृगापूर्वीं आम्ही पुतण्याकडे शाकारणीचे पैसे पाठवितों. कोणतीं कौलें कोणाच्या वांट्याचीं, हें तो कळवीत नाहीं आणि आम्ही विचारीत नाहीं.